कासमभाईंची केशरी दाढी

कासमभाईंची दाढी केशरी झाली ती माझ्यामुळे. हे एवढं एक वाक्य कागदावर यायला तीन वर्षं गेली, आणि आता आल्यावर ते चक्क विनोदी दिसतंय. त्याला माझा इलाज नाही. कासमभाईंबद्दल काहीही लिहायला घेतलं की ते थोडं विनोदी होतंच.

मूळची दाढी पांढरीशुभ्र, आखूड कातरलेली. माणूस साठीच्या आसपासचा, उंचीला बेताचा, डाव्या गुडघ्यात अधू, दाभोळच्या खाडीकाठचा. रोज सकाळी सव्वासहाला शारजात, अल मजाजला, आमच्या इमारतीखाली एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन उभे असायचे. मी चिपळूणचा, म्हणजे त्यांच्या हिशेबात शेजारच्या आळीतला. दोघंही दुबईत, अल क्वोजमधल्या एकाच कंपनीत. घोड्यांचं खाद्य, गवत, खोगिरं बाहेरून आणून इथल्या तबेल्यांना पुरवणारी कंपनी. मी पुढच्या ऑफिसात डिस्पॅच बघायचो, ते मागच्या गोदामात स्टोअरकीपर. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये शारजाहून तिथे पोचायला दीड तास लागतो. तो दीड तास माझा पाय गाडीच्या ब्रेकवर असायचा आणि कासमभाई घोड्यावर.

घोडे अर्थात मोबाइलमधले, आणि तेही इथले नव्हेत. इथल्या शर्यती सपाटीवरच्या. "सपाटीवर काय, कोणपण पळतो," म्हणून कासमभाई त्या निकालात काढायचे. त्यांना लागायचे ते आयर्लंड-इंग्लंडचे घोडे, हिवाळ्यात चिखल तुडवत, कुंपणांवरून उड्या मारत तीन-तीन मैल पळणारे. त्या कुंपणांना ते 'गडगा' म्हणायचे. आपल्याकडे परसाला जांभ्या दगडांचा असतो तो. तरुणपणी ते इथल्या एका तबेल्यात मोतद्दार होते, घोड्यांची निगा राखायला. मालकाने घोड्यांबरोबर तीन हिवाळे त्यांना आयर्लंडला धाडलं होतं. "सेम आपलं कोकण," ते सांगायचे. "पाऊस, गडगे, आणि माणसं कायम दुसऱ्याच्या घरात काय चाललाय ते विचारणारी." तिथेच एका घोड्याने गुडघ्यावर लाथ झाडली आणि तबेल्यातली नोकरी संपली. "त्याची चूक नाय. मी न बोलता मागून गेलो. तुझ्या मागून कोण असा आला तर तू काय करशील?"

दिवाळीच्या सुमारास, इकडची हवा जरा माणसात येते आणि गाडीच्या काचा खाली करता येतात तेव्हा, त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. येणाऱ्या मोसमात लक्ष ठेवण्यासारखे दहा घोडे निवडायचे. पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक तुकडा फाडून खिशात ठेवलेला असायचा. त्यावर रोज एखादं नाव चढायचं, एखादं खोडलं जायचं. इंग्रजी नावं त्यांना पसंत नसत. त्यामुळे यादीत मौलवी, नवरदेव, सासूबाय असे घोडे असत, आणि खरं नाव बारीक अक्षरात खाली.

"कासमभाई, हा बघा, हा काय जिंकलाय!" मी एकदा शहाणपणा केला.

"जिंकला त्याला सगळ्या दुनियेन बघितला. तू तिसरा बग."

तिसरा घोडा उंच, हाडं वर आलेला, मोठ्या भावाचा कोट घालून लग्नाला आल्यासारखा.

"ह्याचा कोट अजून भरायचा हाय. औंदा पोरगा हाय, पुढच्या हिवाळ्यात बाप्या होईल. आणि उडी काय बघतंस? उडी सगळे मारतात. उतरताना बग. पाय टेकले की कान कुठे जातात? पुढे गेले तर तो पुढचा गडगा शोधतोय. मागे गेले तर झालेला गडगा त्याच्या डोक्यातून गेला नाय. तो नको आपल्याला."

"आणि हा पडलेला? ह्याला का घेतलात?"

"पडलेला चालतो. पडायला घाबरतो तो नाय चालत."

पैसे मात्र त्यांनी आयुष्यात कधी लावले नाहीत. ते त्यांच्या धर्मात बसत नव्हतं आणि इथल्या कायद्यातही. "बघणं हराम नाय," ते म्हणायचे. "आणि पैसे लावले ना, की घोडा दिसायचा बंद होतो. आपलाच पैसा धावताना दिसतो."

गोदामात घोडा कुठला! तरी त्यांच्या खिशात कायम एक गाजर. "सहा दिरहम किलो! म्हंजे दीडशे रुपयाला आलं. घोड्यानं खायचं की सोनारानं वजन करायचं?" अशी कुरकुर करत ते दर आठवड्याला गाजरं घ्यायचे. गवताचा कंटेनर उघडला की कोपरापर्यंत हात आत घालायचे, मूठभर काढून हुंगायचे, आणि कागदपत्रं काहीही सांगोत, "हा माल गरम झालेला हाय, परत," म्हणायचे. परत जायचा.

एकदा डिलिव्हरीला माणूस नव्हता म्हणून मी स्वतः अल ऐन रस्त्यावरच्या एका तबेल्यात निघालो आणि त्यांना सोबत घेतलं. तिथला एक तपकिरी घोडा तीन दिवस दाण्याला तोंड लावत नव्हता. डॉक्टर बघून गेले, आमच्या खाद्यावर संशय आला. कासमभाईंनी खाद्य हुंगलं, मग बादली हुंगली. घोड्याकडे चक्क पाठ करून उभे राहिले आणि तिथल्या मोतद्दाराशी गप्पा मारू लागले. दहा मिनिटांनी मागून घोड्याने त्यांची टोपी ओढली. "आता बोलतो माझ्याशी," म्हणत ते वळले, गाजर दिलं, ते त्याने खाल्लं. मग मोतद्दाराला म्हणाले, "खान, बाल्टी बदल. इसमें साबुन का बास है. तू खाएगा क्या साबुन में बिर्यानी?" बादली बदलली, घोडा खायला लागला. परत येताना सबंध रस्ता हा माणूस गाणं गुणगुणत होता. गोदामातल्या खोक्यांमध्ये मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. ते मी बघितलं होतं, आणि म्हणूनच पुढचं जे झालं ते न कळता झालं असं मला म्हणता येत नाही.

आमचा साहेब डेसमंड. आयरिश, लालबुंद, मनाने मोकळा. त्याने एका ऑक्टोबरमध्ये ऑफिसला मेल पाठवला: मोसमाला दहा घोडे निवडा, पैसे नाहीत, गंमत, एप्रिलला ज्याच्या घोड्यांनी सगळ्यात जास्त शर्यती मारल्या त्याला माझ्या वडिलांची लोकरीची टोपी. मेल ऑफिसला गेला. गोदामातल्या लोकांना मेलच नव्हते. मी कासमभाईंना म्हटलं, "तुमची यादी द्या ना, नाव माझं घालतो. गंमत."

"घाल की. मना काय," ते म्हणाले. इथवर सगळं स्वच्छ होतं.

एप्रिलमध्ये मी जिंकलो. नुसता नाही, दणदणीत. मोठ्या भावाच्या कोटातला तो घोडा, यादीतला नवरदेव, त्याने एकट्याने पाच शर्यती मारल्या. डेसमंडने मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि विचारलं, तो हाडकुळा घोडा तू का घेतलास, कोणीच घेतला नव्हता. मला कासमभाईंचं वाक्य पाठ होतं. ते इंग्रजीत सांगितलं: ही लॅंड्स लुकिंग फॉर द नेक्स्ट वॉल. साहेबाने कप खाली ठेवला.

"हू टॉट यू दॅट?"

"नोबडी," मी म्हटलं. "जस्ट वॉचिंग."

मला ते बोलायला अजिबात वेळ लागला नाही. आजही आश्चर्य वाटतं ते त्याचंच.

त्या उन्हाळ्यात कंपनीने नवी जागा काढली. तबेल्यांमध्ये फिरायचं, घोडे बघायचे, कोणाला काय खाद्य लागेल ते सांगायचं. कासमभाईंना ती बातमी गोदामातच कळली. दुसऱ्या दिवशी गाडीत मोबाइल बंदच होता.

"सुधीर, एक काम होतं."

बारा वर्षांत त्यांनी मला कधी काम सांगितलं नव्हतं.

"मना आता गोण्या मोजायच्या नायत रे. गावाला जायच्या आधी दोन वर्षं घोड्याच्या वासात काढायची हायत. तू साहेबाला माझं नाव सांग. तुझं ऐकतो तो."

"सांगतो."

"इन्शाल्ला म्हण."

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

मी केबिनमध्ये गेलो तो खरोखर त्याच कामासाठी. तोंड उघडायच्या आत डेसमंड म्हणाला, माझ्या डोक्यात एक नाव आहे, तुझं. मी थँक्यू म्हणून बाहेर आलो. सांगता आलं असतं. पण कासमभाईंचं साहेबाने पाच मिनिटं ऐकलं असतं तर गेले सहा महिने मी कोणाच्या तोंडाने बोलत होतो हे त्याला कळलं असतं.

संध्याकाळी गाडीत त्यांनी विचारलं. खोटं नुसतं उघडं सांगवत नाही, त्याला काहीतरी चिकटवावं लागतं. मी दाढी चिकटवली. म्हटलं, "साहेब म्हणाला, वय झालं. पांढरी दाढी बघून कस्टमर काय म्हणेल."

कासमभाई "हं" म्हणाले. मग गाडीच्या आरशात हनुवटी वळवून बघत राहिले.

सोमवारी सव्वासहाला अल मजाजला दिव्याच्या खांबाखाली जी दाढी उभी होती ती रत्नांग्रीच्या हापूससारखी होती. मेंदी. कानाच्या पाळीलाही थोडी लागली होती. "आता सांग साहेबाला," दार उघडत ते म्हणाले, "कासम पन्नाशीचा हाय."

आठवड्याने मला सांगावं लागलं की जागा भरली, माझ्याच डोक्यावर टाकली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या बसकडे. "तुझ्या? मग बरा झाला. आपल्यातलाच हाय ना. खलास." आणि तरीही दर दुसऱ्या रविवारी मेंदी चालू राहिली. न जाणो, परत जागा निघाली तर?

पुढली दोन वर्षं मी तबेले हिंडलो, कानात छोटं यंत्र आणि यंत्रात कासमभाई. मी घोड्याचं वर्णन करायचो, ते गोदामातून उपाय सांगायचे. एकदा एका ऐटबाज मॅनेजरसमोर मी गंभीरपणे उभा असताना कानात गर्जना झाली, "अबे पीछे ले, पीछे!" मी म्हटलं, टेक हिम बॅक, प्लीज. घोडा मागे नेला. मग कळलं की ते फोर्कलिफ्टवाल्याला होतं. पण घोडा मागे सावलीत गेला आणि शांत झाला, आणि मॅनेजरने मला मानलं. कासमभाईंना सांगितल्यावर ते इतके हसले की गोण्यांवर बसावं लागलं. मी पण हसलो. मजा तर येत होती. सगळ्यात लाज वाटते ती ह्याचीच.

मधल्या एका ऑक्टोबरला ते नेमके गावी होते आणि मी माझ्या अकलेने यादी दिली. सगळे जिंकलेले घोडे घेतले, चकचकीत, वेगवान. चार पहिल्याच शर्यतीत पडले, एकाने गडगा बघून सरळ नकार दिला. माझा नंबर शेवटचा. परत आल्यावर यादी वाचून कासमभाई म्हणाले, "हे शर्यतीचे नायत रे. हे वरातीचे घोडे हायत." पुढच्या वर्षी पुन्हा त्यांची यादी, पुन्हा मी पहिला. टोपी परत आमच्या कपाटावर.

मग नव्या जागेवरच्या माझ्या तिसऱ्या ऑक्टोबरात, एका संध्याकाळी, मी घरात फोनवर कासमभाईंना उद्याच्या तबेल्यात काय बोलायचं ते विचारत होतो. माझी मुलगी रेवा, सोळा वर्षांची, इथेच वाढलेली, टेबलावर अभ्यास करत होती. फोन ठेवल्यावर वर न बघता म्हणाली, "बाबा, व्हाय डोंट दे जस्ट हायर हिम?"

"अगं, ते इतकं सोपं नसतं."

"व्हाय? डझ ही नॉट वॉन्ट इट?"

मी पाणी प्यायला उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नेहमीसारखी पुलाखाली अडकली. कासमभाई पुठ्ठ्यावर सातवं नाव लिहीत होते. मोबाइलवर आवाज बंद करून एक शर्यत चालू होती.

"कासमभाई, साहेबाने दाढीबद्दल काही म्हटलं नव्हतं."

"कंच्या दाढीबद्दल?"

"तुमच्या. मी तुमचं नाव सांगितलंच नव्हतं त्याला. घोड्यांच्या यादीचंही नाही, नोकरीचंही नाही."

त्यांनी शर्यत थांबवली. घोडे हवेतच राहिले. चालू शर्यत थांबवताना मी त्यांना पहिल्यांदा बघत होतो.

"मग दोन वर्षं मी ही मेंदी कोणासाठी लावतंय?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला. "हाक गाडी," ते म्हणाले. मी दहा हात पुढे घेतली.

"बायको फोनवर बघून बोलली, म्हातारपणी काय थेरं लावलीयस. मी बोललो, ऑफिसचं काम हाय." मग माझ्याकडे वळून: "घाबरलास काय तू?"

"हो."

"कोणाला? मना?"

"तुम्ही पुढे आला असतात तर माझं काय राहिलं असतं?"

"तुझं तसं पण काय होतं?"

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, खरंच विचारलं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि समोरची लेन नेमकी तेव्हाच सुटली. अल क्वोजला पार्किंगमध्ये पट्टा सोडताना ते म्हणाले, "आज सांगायचं. मी बाजूला उभा राहणार. पडलास तर पडलास."

डेसमंडने सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याऐवजी कासमभाईंकडे बघून विचारलं, ह्या वर्षी कोण? कासमभाईंनी खिशातून पुठ्ठा काढून त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवला आणि बोलायला लागले. साहेबाचं तोंड उघडंच राहिलं. कासमभाईंचं इंग्रजी आयर्लंडच्या तबेल्यात शिकलेलं. इतक्या वर्षांत गोदामात त्यांच्याशी इंग्रजी बोलायला कोणी गेलंच नव्हतं. त्या केशरी दाढीतून डेसमंडच्या गावाकडची बोली बाहेर पडत होती, तिथल्या शिव्यांसकट. दोघं पुठ्ठ्यावर वाकले. मी दार ओढून घेतलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

माझी शिक्षा दोन ओळींच्या मेलमध्ये आली. मी परत डिस्पॅचला, तबेल्यांना कासमभाई. नंतर एकदा पाण्याच्या मशीनपाशी डेसमंड थांबला. "आय वुड हॅव टेकन यू बोथ," एवढंच म्हणून पुढे गेला.

कासमभाईंची शिक्षा वेगळी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या सीटवर बसले. डबा मांडीवर, पाय लांब. "यल्ला, ड्रायव्हर." पुरे नऊ दिवस. दहाव्या दिवशी पुढचं दार उघडलं. बसता बसता म्हणाले, "मागे चार्जर पोचत नाय."

तो हिवाळा त्यांनी तबेल्यांमध्ये काढला. संध्याकाळी गाडीत बसले की सगळ्या गाडीला घोड्याचा वास यायचा; रेवा कधी गाडीत बसली की नाक दाबायची, मी काचा वर ठेवायचो. ते गुणगुणायचे. त्या वर्षी मेल गोदामाच्या नोटीस बोर्डवरही लागला आणि एप्रिलला कासमभाई स्वतःच्या नावावर जिंकले तेव्हा ती लोकरीची टोपी मी घरून आणून दिली. मेंदी त्यांनी बंद केली होती. दाढी पांढरी वाढत आली, पण हनुवटीचं केशरी टोक ते न्हाव्याला कापू देईनात. "राहू दे. सुधीरची आठवण."

मे महिन्यात ते कायमचे गावी गेले. शारजाच्या विमानतळावर मीच सोडायला गेलो. मागे दोन ब्लॅंकेटं, दूध पावडरचे डबे, आणि चाळीस डिग्रीत डोक्यावर ती लोकरीची टोपी. गाडी थांबल्यावर त्यांनी खिशातून पुठ्ठा काढून डॅशबोर्डवर ठेवला. पुढच्या हिवाळ्याची यादी. नावं नऊच.

"दहावा?"

"तो तू निवड. चुकलास तर फोन कर, हसायला बरा."

मी हात द्यायला उतरू लागलो तर म्हणाले, बस तिथेच. दार उघडलं. आधी चांगला पाय खाली, मग दाराला धरून अधू. टेकला, जरा लचकला, सावरला. मी बघत होतो.

"काय बघतंस?"

"उतरताना बघतोय."

कासमभाईंनी टोपी सरळ केली. "मग? चालंल काय पुढच्या सीझनला?"

"गुडघा कच्चा आहे," मी म्हटलं. "पण कान पुढे आहेत."

ते मोठ्याने हसले, सामान ट्रॉलीवर चढवू लागले, आणि मी सामानाला हात लावला तेव्हा ह्या वेळी लावू दिला. सरकतं काचेचं दार जरा उशिरा उघडलं. त्याच्यापुढे ते क्षणभर थांबले, अंतराचा अंदाज घेतल्यासारखे. मग पांढऱ्या दाढीचं ते केशरी टोक पुढे काढून आत गेले. मागे काही वळून बघितलं नाही.